हंटरवाली आणि आपण



पंजाब मेल ही गाडी आपल्या जळगाव-भुसावळच्या रुळांवरून शंभर वर्षांहून जास्त काळ धावते आहे. १९१२ साली ती सुरू झाली तेव्हा मुंबईहून थेट पेशावरला जायची. फाळणीनंतर ती फिरोजपूरपर्यंत जाऊ लागली. आपल्यापैकी कितीजणी या गाडीनं माहेरी गेल्या, दवाखान्यात गेल्या. पण याच नावाचा एक बोलपट १९३९ साली मुंबईत तयार झाला होता, हे आपल्यातल्या थोड्याच जणींना ठाऊक असेल. त्या बोलपटाची नायिका होती नादिया. लोक तिला निडर नादिया म्हणायचे, आणि त्याहून जास्त ‘हंटरवाली’ म्हणायचे.

आज आपण या हंटरवालीविषयी बोलणार आहोत. तिचा पहिला मोठा सिनेमा येऊन नव्वद वर्षं होऊन गेली. तो काढणारे गेले, त्यात काम करणारे गेले. तरी एखादी मुलगी जरा धीटपणे वागली की अजूनही कोणीतरी म्हणतंच, ‘आली मोठी हंटरवाली!’ बोलणाऱ्यानं सिनेमा पाहिलेला नसतो, नादियाचं नावही ऐकलेलं नसतं. पण शब्द टिकला आहे. तो का टिकला, हे पाहण्यासारखं आहे.

आधी थोडं मागं जाऊ. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट काढला. त्यात राणी तारामतीचं काम अण्णा साळुंके नावाच्या पुरुषानं केलं, कारण पडद्यावर यायला बाई मिळेना. त्याच वर्षी फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी मायलेकी पडद्यावर आल्या. तिथून बायकांना सिनेमाची वाट खुली झाली. १९३१ साली ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट आला. त्याचा नायक होता मास्टर विठ्ठल, आपला मराठी गडी, तलवारबाजीच्या मूकपटांनी गाजलेला. म्हणजे घोडे, तलवारी, उड्या आणि पाठलाग हे प्रेक्षकांना नवीन नव्हतं. मूकपटांच्या काळात तलवार चालवणाऱ्या काही नायिकाही होऊन गेल्या होत्या. पण सगळा सिनेमा एका बाईच्या मनगटावर उभा करायचा, आणि एकामागून एक असे कितीतरी सिनेमे काढायचे, हे काम नादियानं केलं.

ही नादिया कोण? तिचं खरं नाव मेरी एव्हान्स. जन्म ८ जानेवारी १९०८, ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातला. वडील स्कॉटलंडचे, ब्रिटिश फौजेतले. आई ग्रीक. ती पाच वर्षांची असताना हे कुटुंब मुंबईला आलं. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, वडील मारले गेले. पुढं मायलेकी पेशावरला गेल्या. तिथं ती घोड्यावर बसायला शिकली, बंदूक चालवायला शिकली. मुंबईला परत आली तेव्हा तिच्या पदरात एक लहान मुलगा होता. पोट भरायला तिनं एका मोठ्या दुकानात माल विकायची नोकरी केली, टायपिंग शिकली. मग नाचाच्या एका फिरत्या कंपनीत गेली, सर्कशीतही काम केलं. कष्टानं शरीर तयार झालं होतं. लहानपणी बाप गेलेली, मुलाला एकटीनं वाढवणारी, मिळेल ते काम करणारी बाई म्हणून पाहिलं, तर ही परदेशी बाई आपल्याला तितकीशी परकी वाटत नाही.

मुंबईत तेव्हा जमशेद आणि होमी वाडिया हे दोन पारशी भाऊ होते. त्यांचे पूर्वज जहाजं बांधणारे. या भावांना जहाजांपेक्षा सिनेमाचं वेड. १९३३ साली त्यांनी वाडिया मुव्हीटोन ही कंपनी काढली. मेरीला त्यांनी आधी लहानसं काम देऊन पाहिलं. तिच्या सोनेरी केसांचं काय करायचं, हा त्यांच्यापुढं प्रश्न होता. तिला देवीसारखं नाव द्यावं, काळ्या वेणीचा टोप घालावा, असा विचार निघाला. तिनं तो मानला नाही. आहे तशीच पडद्यावर येईन, असं तिचं म्हणणं. नाव मात्र नादिया ठेवलं.

१९३५ साली ‘हंटरवाली’ आला. गोष्ट अगदी सरळ आहे. राज्याचा वजीर दुष्ट. तो राजाला कैद करतो आणि राजकन्या माधुरीशी लग्न करू पाहतो. राजकन्या रडत बसत नाही. ती तोंडावर बुरखा बांधते, हातात हंटर घेते, घोड्यावर मांड ठोकते आणि गरिबांच्या बाजूनं उभी राहते. दिवसा राजवाड्यातली लेक, रात्री हंटरवाली. हा सिनेमा करायला सहा महिने लागले आणि ऐंशी हजारांवर रुपये खर्च झाले. त्या काळात ही रक्कम मोठी होती. तयार सिनेमा विकत घ्यायला कोणी वितरक पुढं येईना. गोरी बाई, तोकडे कपडे, हातात चाबूक आणि पुरुषांना मारते आहे, हे कोण पाहणार? शेवटी वाडिया बंधूंनी भागीदार घेऊन तो स्वतःच लावला. तो पंचवीस आठवड्यांहून जास्त चालला. हंटरवालीच्या नावानं बाजारात चाबूक आणि पट्टे विकले जाऊ लागले.

मग रांगच लागली. १९३६ साली ‘मिस फ्रंटियर मेल’ आला. त्यात स्टेशनमास्तरवर खुनाचा खोटा आळ येतो, आणि सविता नावाची नायिका खऱ्या गुन्हेगारांना शोधून काढते. चालत्या गाडीच्या टपावर ती गुंडांशी मारामारी करते. १९३७ साली ‘हरिकेन हंसा’, १९३९ साली ‘पंजाब मेल’, १९४० साली ‘डायमंड क्वीन’, १९४२ साली ‘जंगल प्रिन्सेस’, १९४३ साली ‘हंटरवाली की बेटी’. नावं बदलायची, गाव बदलायचं, पण आतला सांगाडा तोच. जुलूम करणारा एक मोठा माणूस, गांजलेली गरीब माणसं, आणि त्यांच्यासाठी धावून येणारी बाई. सोबतीला पंजाब नावाचा घोडा, गनबोट नावाचा कुत्रा, आणि ‘रोल्स रॉईस की बेटी’ असं थाटाचं नाव दिलेली मोटार. पोरासोरांना बाई जितकी आवडायची तितकेच हे घोडा-कुत्रा-मोटारही आवडायचे.

शहरातल्या थिएटरांतून उतरलेले असे मारधाडीचे सिनेमे मग लहान गावांत आणि यात्रांतल्या तंबूंत यायचे. टुरिंग टॉकीजचा तंबू आपल्यातल्या वयस्कर बायकांना आठवत असेल. गावात वीज नव्हती, तेव्हा तेलाच्या इंजिनावर यंत्र चालायचं. त्याची धडधड तंबूत ऐकू यायची. बसायला जमीन, फार तर घरून आणलेलं गोणपाट. मध्ये दोर किंवा कनात, एका बाजूला पुरुष आणि एका बाजूला बायका. एक रीळ संपलं की दुसरं चढवेपर्यंत अंधार किंवा एखादा मिणमिणता दिवा, आणि तेवढ्यात लेकराला पाजून घ्यायचं. अशा जागी बोललेलं सगळं कळायलाच पाहिजे असं नव्हतं. नादियाचं हिंदी तसंही मोडकं होतं. पण घोडा धावला, चाबूक कडाडला, दुष्टाला पाठीवर टाकून तिनं गरगर फिरवलं, हे समजायला भाषा लागत नाही. केळीचा घड खांद्यावर घ्यावा तशी ती धिप्पाड गड्यांना खांद्यावर घ्यायची. त्यात आरशाची किंवा दोरीची हुशारी नव्हती. बहुतेक उड्या आणि मारामाऱ्या तिनं स्वतः केल्या. तिला स्वतःला उंचीची भीती वाटायची, तरी ती टपावर चढली. सिंहांबरोबरही तिनं काम केलं.

आता आपण त्या काळचं आपलं जगणं शेजारी ठेवून पाहू. १९३१च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायकांपैकी जेमतेम तिघींना लिहिता-वाचता येत होतं. बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा १९३०पासून लागू झाला होता आणि त्यात मुलीचं वय चौदा ठरवलं होतं, पण खेड्यांत तो फारसा कोणी पाळत नव्हतं. नवऱ्याच्या मिळकतीत विधवेला थोडाफार हक्क देणारा कायदा १९३७ साली आला, आणि तोही पुरता हक्क देत नव्हता. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या, शेतात राबणाऱ्या. त्यांच्या ओव्या-गाण्यांचं पुस्तक त्या गेल्यानंतर, १९५२ साली निघालं. म्हणजे बाईच्या अंगात बळ होतं, डोक्यात बुद्धी होती, तोंडात शब्द होते, पण ते चार भिंतींबाहेर जायला वाट नव्हती. अशा वेळी पडद्यावर एक बाई घोडा फेकत येते आणि सांगते की वाचवणारी मीच. दोराच्या या बाजूला बसलेल्या बायकांना हे बघून काय वाटलं असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

खरं तर शस्त्र घेतलेली बाई आपल्या लोकांना नवी नव्हतीच. चैत्रात आपल्या गावांमधून पायी दिंड्या वणीला जातात, त्या अठरा हातांच्या सप्तशृंगीच्या दर्शनाला. धुळ्याची एकवीरा आहे, घरोघरची कानबाई आहे. इतिहासात पाहिलं तर १८१७ साली महिदपूरच्या लढाईत यशवंतराव होळकरांची मुलगी भीमाबाई घोड्यावर बसून इंग्रजांशी लढली. त्या पराभवानंतर १८१८च्या मंदसोरच्या तहानं होळकरांचा खानदेशातला मुलूख इंग्रजांकडे गेला. सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेत आजही घोड्यांचा मोठा बाजार भरतो. घोडा, देवी आणि लढणारी बाई हे तिन्ही आपल्या मनात आधीपासून होतं. म्हणून हंटरवाली आली तेव्हा लोकांनी तिला लगेच ओळखलं. फरक इतकाच, की देवीला आपण मखरात बसवतो आणि घरच्या लेकीला मात्र दिवेलागणीनंतर वेशीपर्यंतही जाऊ देत नाही. हंटरवाली मखरात बसलेली नव्हती. तिला लागायचं, ती पडायची, चिखलात माखायची आणि पुन्हा उठायची. देवीची पूजा करता येते. हंटरवालीसारखं व्हावंसं वाटतं. तिच्या ओढीचं एक कारण हे आहे.

दुसरं कारण राज्याचं. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. सिनेमावर सरकारी नजर होती, सरकारविरुद्ध उघड बोललं की कात्री लागायची. पण खोट्या राज्यातला खोटा वजीर दाखवायला कोण अडवणार? प्रेक्षकांना कळायचं की वजीर म्हणजे कोण. जमशेद वाडिया देशाच्या राजकारणात लक्ष घालणारे होते, पुढं ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे झाले. ज्या वर्षी ‘मिस फ्रंटियर मेल’ आला, त्याच १९३६च्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, गांधीजी आले होते, नुकतेच तुरुंगातून सुटलेले रॉयही आले होते. साने गुरुजी त्यासाठी गावोगाव फिरले. त्या वर्षांत जुलमाविरुद्ध उभं राहायचं वारं सगळीकडे होतं. सिनेमातही तेच होतं आणि रस्त्यावरही तेच होतं.

आणि रस्त्यावरच्या बायकांना बुरखा बांधायची सोय नव्हती. अमळनेरच्या लीलाताई पाटील १९४२च्या चळवळीत उतरल्या आणि तुरुंगात गेल्या. त्यांचे पती डॉ. उत्तमराव पाटील भूमिगत राहून लढले. १९४४ साली धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला, त्यात खानदेशचे आणि साताऱ्याचे क्रांतिकारक एकत्र होते. हा प्रसंग सिनेमात घातला तर खोटा वाटेल इतका थरारक आहे. पण लीलाताईंचं नाव किती मुलींना ठाऊक आहे? हंटरवाली मात्र सगळ्यांच्या तोंडी. हे आपण मनाशी नोंदवून ठेवायला हवं. जी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते, ती टिकते. ज्यांची गोष्ट कोणी सांगत नाही, त्या बायका खऱ्या असूनही विस्मरणात जातात.

मैत्रिणींनो, हंटरवालीचं कौतुक करताना तिच्यातलं उणंही पाहिलं पाहिजे. ती गोरी होती. ‘मडम आहे, तिचं काय!’ असं म्हणून पुरुषांना ते पचवता आलं. तिच्या जागी सावळी, नऊवारी नेसलेली आपल्यातलीच एखादी असती आणि तिनं भर तंबूत दहा पुरुषांना लोळवलं असतं, तर तितक्याच टाळ्या पडल्या असत्या का? सिनेमात ती बहुतेक वेळा राजकन्या नाही तर शिकलेली, चांगल्या घरची मुलगी. मोलमजुरी करणारी बाई नायिका होत नाही, ती वाचवली जाते. शिवाय शिकलेल्या लोकांनी या सिनेमांना नेहमी हलकं मानलं. गिरणी कामगार, हमाल आणि पोरं यांच्यासाठी आहेत ते, असं म्हणून नाक मुरडलं. पुढं दोघा भावांचीही वाट वेगळी झाली. जमशेद यांना वजनदार, कलात्मक सिनेमे काढायचे होते. होमी यांनी १९४२ साली बसंत पिक्चर्स ही वेगळी कंपनी काढली. वाडियांचा स्टुडिओ व्ही. शांताराम यांच्याकडे गेला आणि तिथं राजकमल उभं राहिलं. नादियाचे दिवस संपले असं लोक म्हणू लागले, तेव्हा होमींनी ‘हंटरवाली की बेटी’ काढला आणि तो जोरात चालला.

तरीही त्या हलक्या म्हटलेल्या सिनेमांत काय होतं ते पाहा. ‘डायमंड क्वीन’मध्ये मुंबईहून शिकून आलेली मुलगी बायकांच्या शिक्षणाविषयी आणि स्वातंत्र्याविषयी स्पष्ट बोलते, आणि नुसती बोलत नाही, गावातल्या गुंडांना वठणीवर आणते. त्याच काळातल्या कितीतरी नावाजलेल्या सिनेमांत चांगली बाई म्हणजे सोसणारी, रडणारी आणि शेवटी मरणारी. हंटरवाली मरत नाही. ती शेवटी हसते. आणि तिला बाईपणाची शिक्षाही होत नाही. याचं मोल आपल्याइतकं कोणाला कळणार?

स्वतः नादियाचं आयुष्यही सरळ गेलं नाही. होमी आणि ती कित्येक वर्षं एकमेकांचे होते, पण घरच्यांचा विरोध होता. त्यांचं लग्न १९६१ साली झालं, तेव्हा तिचं वय त्रेपन्न होतं. १९६८ साली, साठीत, तिनं ‘खिलाडी’ या सिनेमात पुन्हा काम केलं. पुढं लोक तिला विसरले. १९९३ साली जमशेद यांचे नातू रियाद वाडिया यांनी तिच्यावर माहितीपट काढला आणि नव्या पिढीनं तिला पुन्हा पाहिलं. ९ जानेवारी १९९६ला ती मुंबईत वारली.

धाडसी सिनेमांची ओढ आपल्या शेजारीही पाहायला मिळते. धुळ्याहून थोड्या अंतरावर मालेगाव आहे, यंत्रमागांचं गाव. तिथं नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी २०००च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ काढला, मग ‘मालेगाव का सुपरमॅन’. मागावर काम करणारा शफीक शेख हा किडकिडीत माणूस सुपरमॅन झाला. पैसे नाहीत, यंत्रं नाहीत, पण हौस दांडगी. त्यावरचा माहितीपट जगभर पाहिला गेला. पण तिथंही गावातल्या बायका कॅमेऱ्यासमोर येत नसत, म्हणून नटी बाहेरून आणावी लागे. माग चालवणारा गरीब पुरुष सुपरमॅन होऊ शकला. त्याच गल्लीतली बाई अजून हंटरवाली झालेली नाही.

म्हणून ही जुनी गोष्ट आज सांगावीशी वाटली. बचतगटाच्या बैठकीला निघालेल्या बाईला अजूनही विचारलं जातं, ‘सोबत कोण आहे?’ बँकेत सही करायला जाताना, गाडी शिकताना, ग्रामसभेत उभं राहून प्रश्न विचारताना हात थरथरतो. आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी मागून म्हणतं, ‘हंटरवाली आली!’ म्हणणाऱ्याला ती चेष्टा वाटते. पण ज्या बाईचं हे नाव, ती उंचीला घाबरायची आणि तरी गाडीच्या टपावर चढायची. घाबरत घाबरत चढणं यालाच धीट म्हणतात. पुढच्या वेळी कोणी असं म्हटलं, तर मान खाली घालायचं कारण नाही.

आणि एक काम आपण सगळ्यांनी करू. आपापल्या गटातल्या वयस्कर आजी-मावशींना विचारू, की तंबूतला सिनेमा त्यांनी कधी आणि कोणत्या यात्रेत पाहिला, सोबत कोण होतं, घरी काय सांगून गेल्या होत्या. त्याचबरोबर हेही विचारू, की आपल्या गावात खरोखर धाडस केलेली बाई कोण होती. पुरात लेकरं काढणारी असेल, दारूचं दुकान बंद पाडणारी असेल, सातबाऱ्यावर आपलं नाव लावून घेणारी असेल. हे सगळं वहीत लिहून काढू आणि पुढच्या महिन्यात रेडिओवर वाचून दाखवू. म्हणजे लीलाताईंसारखी त्यांचीही नावं हरवणार नाहीत.

भेटू पुढच्या भागात. रामराम.